धुरपता आणि प्लास्टिकचं गवत

धुरपता सोनकांबळेशी माझं कधी पटलं नाही. हे मी तिच्या माघारी बोलत नाहीये. तिच्या तोंडावर कितीदा तरी बोलले आहे, आणि तीही मला याहून वाईट बोललेली आहे. तरी कुणी विचारलं की तुमच्या वेळी भारताच्या गोलात सगळ्यात चांगली कोण उभी राहायची, तर मला तिचंच नाव घ्यावं लागतं. याचाही मला राग येतो.

मी सिंधु. नांदेडच्या रेल्वे क्वार्टरात वाढले, वडील पॉइंट्समन. धुरपता लातूरकडची, चाकूरजवळच्या एका खेड्यातली. बहात्तरच्या दुष्काळात तिचे आईवडील, भामाबाई आणि साहेबराव, आधी सरकारी कामावर खडी फोडायला गेले आणि मग लेकरांना घेऊन नांदेडला आले. साहेबराव मालधक्क्यावर हमाली करू लागले. धक्क्याच्या पलीकडंच आमचं मैदान होतं. मैदान म्हणजे मुरूम, आणि मुरमात अधूनमधून गवत. निशानसिंग सर तिथं आम्हा पोरींना हॉकी शिकवायचे. गोलात उभं राहायला कुणी तयार नसायचं, कारण मुरमावर चेंडू कुठून कसा उसळेल याचा नेम नसतो आणि नडगी फुटते. धक्क्यावर बापाची भाकरी घेऊन आलेली धुरपता एकदा कडेला उभी राहून बघत होती. सरांनी विचारलं, "खडी रहती क्या? डरेगी तो नहीं?"

"मारून तर बघा," ती म्हणाली.

सरांनी चेंडू मारले. मग मोठ्या पोरांनी मारले. ती तिथून हलली ती संध्याकाळीच. साहेबराव त्या दिवशी उपाशी राहिले असावेत.

मी फुल बॅक खेळायचे, म्हणजे गोलकीपरच्या सगळ्यात जवळ, म्हणजे तिच्या शिव्या सगळ्यात आधी मला. "सिंधे, झोपून राहिलीस का?" हे वाक्य मी नांदेडला ऐकलं, नागपूरला ऐकलं, दिल्लीच्या शिबिरात सगळ्या देशाच्या पोरींसमोर ऐकलं. चेंडू माझ्याकडून सुटला की ती तो अडवायची, लांब लाथाडायची आणि मग माझा उद्धार करायची. चुकले नसले तरी करायची. शाबासकी द्यायची पद्धत तिच्याकडं नव्हतीच.

आम्ही दोघी देशाच्या संघात एकाच साली निवडल्या गेलो. लातूर उस्मानाबादपासून तोडून नवा जिल्हा केला, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आमच्याकडं पाऊस पुन्हा रुसलेला होता आणि आम्ही निघालो हॉलंडला, जिथं जिकडं बघावं तिकडं पाणी. मॅनेजर मॅडम दिल्लीकडच्या. त्यांनी खोल्या वाटताना आम्हा दोघींकडं बोट केलं आणि म्हणाल्या, "ये दोनों एक ही जगह की हैं." मी सांगितलं की नांदेड वेगळं आणि चाकूर वेगळं. त्यांनी दोन्ही नावं पहिल्यांदाच ऐकली असावीत. झालं, सबंध दौरा मी तिच्यासोबत एका खोलीत काढला.

दौरा म्हटलं की लोकांना विमान दिसतं. आम्हाला दिसायची बस. सकाळी बस, दुपारी मॅच, संध्याकाळी समारंभ, की पुन्हा बस. प्रत्येक गावाला महापौर आणि प्रत्येक महापौराला आमच्याकडून चंदनाचा हत्ती. समारंभाला सगळ्यांनी एकसारख्या साड्या नेसायच्या, तोंडभर हसायचं आणि उकडलेले बटाटे खायचे. पंजाबच्या पोरी लोणच्याची बरणी उशाखाली घेऊन झोपायच्या. रांचीच्या पोरी बसमध्ये गायच्या, छान गायच्या, पण आम्हाला कळायचं नाही आणि आमचं त्यांना. दोन मॅचच्या मध्ये कपडे आपले आपण धुवायचे, हॉटेलच्या बाथरूममध्ये, आणि ते वाळले नाहीत तर तसेच अंगात घालायचे.

बाथरूमवरून आमचं रोज वाजायचं. धुरपतानं पहिल्याच दिवशी कचऱ्याची प्लास्टिकची टोपली घासूनपुसून तिची बादली केली. त्या एका बादलीत ती आंघोळ करायची, त्याच पाण्यात मोजे धुवायची आणि उरलेलं संडासात ओतायची. करेना का. पण मी शॉवरखाली उभी राहिले की दारावर थाप पडायची.

"किती सोडून राहिलीस?"

"तुझ्या बापाचं आहे का?"

"माझ्या बापाचं असतं तर हातच लावू दिला नसता."

लॉबीतून जाताना कुठं नळ ठिबकताना दिसला की ही आत शिरून तो आवळून यायची. एकदा पुरुषांच्या बाथरूममध्ये शिरली. मी म्हटलं, अगं, यांच्या देशात पाणी उपसून समुद्रात टाकतात, तुला काय पडलंय? ती म्हणाली, "पाणी सांडताना बघवत न्हाई मला. तुला बघवतं, तर बघ."

मॅडमच्या डोळ्यांत ती पहिल्यापासून सलायची. संघात दुसरी गोलकीपर होती, मोठ्या शहरातली, इंग्रजी बोलणारी, महापौरांशी हवापाण्याच्या गप्पा मारणारी. या दौऱ्यावरून पुढच्या वर्षीचा संघ ठरणार होता आणि मॅडमना गोलात ती पोरगी हवी होती. अडचण एवढीच की धुरपता गोल खात नव्हती. मॅडम तिच्यात खोट शोधत होत्या आणि शेवटच्या मॅचला धुरपतानं ती स्वतःच्या हातानं त्यांना दिली.

ती मॅच कृत्रिम गवतावर होती. आमच्यापैकी बऱ्याच जणींनी ते तोवर पाहिलंही नव्हतं. हिरवंगार प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर चेंडू काचेवरून घसरावा तसा घसरतो. पण त्यासाठी ते मॅचआधी ओलं करावं लागतं. कोरडं राहिलं तर चेंडू अडखळतो, उसळतो, आणि कुणी पडलं तर कातडी सोलून निघते. हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. मॅडमना ठाऊक असेल तर त्या चंदनाचे हत्ती मोजण्यात गुंतल्या होत्या.

पॅड बांधायला वेळ लागतो म्हणून धुरपता सगळ्यांच्या आधी तयार होऊन एकटीच बाहेर गेली. मैदानाच्या एका टोकाला कारंजी चालू होती, माणूस कुणी नव्हता. पाणी सोडणारा बाप्या आत कॉफी प्यायला गेलेला. आता मराठवाड्यातल्या बाईनं काय समजावं? प्लास्टिकला कुणी पाणी घालतं का? कुणीतरी विसरून गेलंय. तिनं कडेची पाण्याची मोठी चावी शोधली, दोन्ही हातांनी फिरवली आणि पाणी बंद केलं. तो बाप्या परत आला तेव्हा कारंजी थांबलेली बघून त्याला वाटलं, दुसऱ्या कुणी काम उरकलं. अर्धं मैदान ओलं, अर्धं कोरडं. तशीच शिट्टी झाली.

कोरडी बाजू पहिल्या हाफला आमच्या वाट्याला आली. त्यांच्या पोरी सुसाट यायच्या आणि आमच्या अर्ध्यात शिरल्या की चेंडू त्यांच्या स्टिकवरून उडायचा. धुरपताला मात्र घरी आल्यासारखं झालं होतं. तिला असाच चेंडू ठाऊक होता, मुरमावरचा. तसा खेळ मी तिचा पुन्हा पाहिला नाही. मग त्यांची एक फॉरवर्ड जोरात येऊन पडली आणि घसरत गेली. उठली तेव्हा गुडघ्यापासून वर मांडीपर्यंत रक्त. मॅच थांबली. पंचांनी खाली हात लावून पाहिला. चावी कुणी बंद केली याची विचारपूस सुरू झाली.

"मी केली," धुरपता म्हणाली. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

त्यांना वाटलं आम्ही मुद्दाम केलं, आपल्याला सोयीचं व्हावं म्हणून. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. मॅडमनी हाफटाइमला तिला बाहेर बसवलं. मैदान पुन्हा भिजवलं गेलं, दुसरी गोलकीपर उभी राहिली आणि आम्ही हरलो. धुरपता बाकावर बसली नाही. तिकडं त्या जखमी पोरीजवळ गेली, आपल्या डब्यातलं मलम तिच्या हातात ठेवलं, तिच्या पायाखाली टॉवेल धरला.

संध्याकाळच्या समारंभाला निघण्याआधी मॅडम आमच्या खोलीत आल्या. यजमान म्हणतात, एका शब्दात माफी मागा, विषय संपला. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांसमोर सॉरी म्हण, तुझं नाव यादीत राहील. नाही म्हटलीस तर ते कापलं जाईल, मी थांबवणार नाही. आणि मला म्हणाल्या, तू हिचं बोलणं हिंदीत सांग, मी इंग्रजीत सांगते.

त्या गेल्यावर मी धुरपतावर तुटून पडले. म्हटलं, एक शब्द आहे, तोही इंग्रजी. म्हण आणि मोकळी हो. त्या पोरीला लागलंय, तुला दिसलं नाही का?

"लागलं त्याचं वाईट वाटून राहिलं मला. तिला मी ते सांगून आले."

"तिला काय मराठी कळतं?"

"कळलं तिला. पाणी बंद केलं त्याची माफी न्हाई मागणार."

"का?"

ती साडीच्या निऱ्या घालत होती. माझ्याकडं न बघता बोलली. "खडीवर टँकर यायचा. आमच्या घागरी शेवटी, येगळ्या लावलेल्या. एकदा गर्दीत आईची घागर एकीच्या घागरीला लागली. सगळ्या रांगेपुढं आईला चुकलं म्हणायला लावलं, नाक घासायला लावलं, मग पाणी दिलं. मी हात धरून हुभी होते तिचा. पाण्यापायी माफी आमच्या घरात एकदा मागून झाली सिंधे. पुन्यांदा न्हाई."

मी तरी बोललेच. म्हटलं, हे त्यांना कसं कळणार? ही माणसं ती नव्हेत.

"मी तर तीच हाय," ती म्हणाली आणि खोलीबाहेर पडली.

समारंभात महापौर बोलले, मॅडम बोलल्या, हत्ती दिला. मग धुरपताला पुढं बोलावलं. मी तिच्या शेजारी. ती हात जोडून मराठीत म्हणाली, "त्या पोरीला लागलं, त्याचं मला लई वाईट वाटलं. पाणी सांडतंय असं वाटलं म्हणून मी बंद केलं. त्यात माझं काही चुकलं न्हाई."

मी पहिलं वाक्य तेवढं हिंदीत सांगितलं आणि थांबले. ठरवून थांबले. ती गप्प बसली असती तर निभावलं असतं. मॅडमच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं, त्यांनी ते इंग्रजीत नेलं आणि जाताना त्याला आणखी गुळगुळीत केलं. त्यात सॉरी हा शब्द दोनदा आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबेपर्यंत धुरपता उभी राहिली. मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पानी के लिए सॉरी नहीं बोली मैं. इसने आधा ही बताया." आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

मी तिला वाचवत होते, आणि तिनं सगळ्यांसमोर मला खोटारडी ठरवलं. परतीच्या विमानात मी तिच्याशी बोलले नाही, मुंबईहून नांदेडच्या गाडीतही नाही. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ती खिडकीला डोकं टेकून झोपली.

यादी लागली तेव्हा तिचं नाव नव्हतं. पण ही बातमी लातूरला पोचायच्या आत तिथल्या एका जिल्हा गौरव समितीनं तिचा सत्कार ठरवून टाकला होता. नवा जिल्हा, नव्या पाट्या, आणि मिरवायला माणसं कमी. समितीचे श्रीमंतराव नांदेडला येऊन तिला गाडीतून घेऊन गेले, सोबत मलाही. मांडवात भाषणं झाली. जिल्ह्याची लेक, जिल्ह्याची शान. ती खेड्यात होती तेव्हा तिच्या घागरीला वेगळी रांग लावणारी माणसं खुर्च्यांवर बसली होती की नाही, मला माहीत नाही. तिला माहीत असेल. शाल खांद्यावर येणार तोच धुरपतानं हातानं ती थांबवली.

"मला संघातून काढलंय," ती माइकमध्ये म्हणाली. "हॉलंडात नळ बंद केला म्हणून. चालत असंल तर घाला."

श्रीमंतरावांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि तीच शाल माझ्या खांद्यावर टाकली.

"अहो, मी नांदेडची आहे," मी म्हटलं.

"असू द्या ताई, शेजारचाच तर जिल्हा हाय," ते हळूच म्हणाले आणि फोटोग्राफरला खूण केली.

पहिली टाळी धुरपतानं वाजवली. हसत वाजवली. त्या टाळीबद्दल मी तिला आजतागायत माफ केलेलं नाही.

ती पुढं नांदेडच्या मैदानावर खेळली, लग्न झालं, कंधारला गेली. देशाच्या संघात पुन्हा आली नाही. मी खेळत राहिले, बरीच वर्षं. गोलात ती मॅडमची पोरगी उभी राहायची. स्वभावानं गोड, कुणाला उलटून बोलायची नाही, शिव्या तर तिच्या तोंडात बसायच्याच नाहीत. चेंडू माझ्या बाजूनं आत गेला, चूक धडधडीत माझी असली, तरी तीच माझ्याकडं बघून "सॉरी दीदी" म्हणायची. मी तिला एकदाही असू दे म्हटलं नाही.