भाचीच्या सुट्टीची परवानगी

माझ्या धाकट्या बहिणीचा घटस्फोट इंग्लंडमध्ये झाला, तेव्हा मला सगळ्यात जास्त हे खटकलं की तिकडे हल्ली कारणच द्यावं लागत नाही. संसार मोडला, एवढं ऑनलाइन अर्जात लिहायचं आणि काही महिने थांबायचं. बहिणीला त्यात सभ्यपणा दिसला. मला वाटलं, कारण लपवायची चांगली सोय झाली. इकडे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमध्ये बसून मी महिनाभर तिच्या नवऱ्याचे फोटो चाळले, एखादी मैत्रीण सापडते का बघायला. कुणीच सापडली नाही, तेव्हा माझा संशय आणखी वाढला.

मुलीचंही त्यांनी आपसातच ठरवलं. नऊ वर्षांची भाची आईकडे राहणार, एकाआड एक शनिवार-रविवार बाबाकडे. कोर्टात येण्याआधी बसून बोला, असा तिकडे आग्रहच असतो म्हणे. फक्त मुलीला देशाबाहेर न्यायचं तर बाबाची संमती हवी, नाहीतर कोर्टाची परवानगी. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघी माझ्याकडे येणार होत्या आणि हा सही करेना. ‘विचार करून सांगतो’ एवढंच.

"अगं, तो तुला खेळवतोय," मी बहिणीला म्हटलं. "सरळ अर्ज कर." तिने केला.

त्याच्या उत्तराला एक स्क्रीनशॉट जोडलेला होता, आमच्या फॅमिली ग्रुपवरचा. घराजवळच्या शाळेचा फोटो टाकून मी भाचीसाठी लिहिलं होतं, ‘आता इथेच राहायचं, परत जायचंच नाही.’ सुट्टीला येणाऱ्या कुठल्याही पोराला आपण हेच म्हणतो. पण बहिणीच्या वकीलबाईंनी भाषांतरातल्या नेमक्या त्याच ओळीखाली रेघ मारली. मुलीला परत न पाठवण्याचा बेत, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता.

हे फोडलं कुणी? मामी, आतेभाऊ, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी माझ्या नवऱ्याने ग्रुपमधली नावं उघडून माझ्यासमोर धरली. बहिणीचा नवरा त्यात होताच. ‘नातीचा बाप आहे तो, काढलं तर वाईट दिसतं,’ असं आमची आई म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला.

"ताई, एकच विचारतो. ती गंमतच होती ना? तुम्ही हो म्हणा, मी आजच सही करतो. कोर्ट नको, पोरीला त्रास होतो."

हो म्हणायला काय लागत होतं? पण फोटो काढला त्याच दिवशी मी शाळेच्या ऑफिसात जाऊन अ‍ॅडमिशनला काय कागद लागतात ते विचारून आले होते. नुसती चौकशी, असं मी स्वतःला सांगितलं होतं. हे त्याला कळलं असेल का? फोन रेकॉर्ड होत असेल. शेजारी वकीलही असेल.

"जे काय असेल ते वकिलामार्फत बोला," म्हणाले आणि फोन ठेवला. घाबरले होते मी, आणि तो आवाज ऐकून चिडलेही होते.

कोर्टाची तारीख लागेपर्यंत सुट्टी संपली. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर भाचीने विचारलं, "मावशी, बाबा सेज ही कॉल्ड यू. डिड ही?" बहीण तिच्या शेजारीच बसली होती, आणि त्या फोनचं मी तिला सांगितलंच नव्हतं.

"नाही गं," मी म्हणाले.

तिने मान हलवली. आपला बाबा खोटं बोलतो, हे त्या दिवशी मी तिच्या डोक्यात घातलं, आणि अजून काढलेलं नाही.