एकाच जागी पडलेला काप

प्रयोगशाळेत सगळे त्यांना थेंबेबाई म्हणत. खरं आडनाव वेगळंच, पण सव्वीस वर्षं थेंबाचाही पन्नासावा भाग मोजण्यात गेली, म्हणून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचे प्रमुख सर जेलचा, म्हणजे आरएनएचे तुकडे पट्ट्यांत वेगळे करणाऱ्या थराचा, फोटो घेऊन त्यांच्या टेबलाशी आले. मागे पीएचडी करणारी मुलगी, रडवेली. तिचं सगळं काम एका एन्झाइमवर होतं. पेशीत टी-आरएनए हा रेणू तयार होतो तेव्हा त्याच्या सुरुवातीला एक जादा तुकडा असतो. हे एन्झाइम रेणूची घडी ओळखतं, कोपरासारख्या वळणाला धरतं आणि नेमक्या जागी तो तुकडा कापतं. मुलीने एन्झाइमच्या धरणाऱ्या भागातच बदल केला होता. पकड गेली की काप पडायला नको. फोटोत मात्र पडला होता, आणि गुरुवारी तिला परिषदेत बोलायचं होतं.

"कुणाचा तरी उघडा हात लागला असणार," सर म्हणाले. हाताच्या घामाने आरएनएचा फडशा पडतो, आणि नमुने बाईंनीच भरले होते. "वय होतं माणसाचं, बाई."

बाईंची कानशिलं तापली. त्यांनी भिंग लावून फोटो पाहिला.

"घामाने चिंध्या होतात, सर. हा तर शिंप्याने कापावा तसा एकाच जागी कापलाय."

सरांनी पुन्हा पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे पकडीशिवायही कापतंय! अगं, ही तर बातमी आहे!"

मुलगी हसली. बाईंनी मात्र भिंग खाली ठेवलं. इतका नेमका काप मूळ एन्झाइमच घालतं, आणि ते नमुन्यात कुठून आलं हे त्यांना ठाऊक होतं. नवा कॉलम, म्हणजे एन्झाइम शुद्ध करायची नळी, आला नव्हता. मुलीचा आठवडा वाचावा म्हणून त्यांनी बदललेल्या एन्झाइमसाठी मूळ एन्झाइम शुद्ध केलेला जुनाच कॉलम धुऊन वापरला होता; त्यात थोडं मागे राहिलं असणार. वहीत नोंदही नव्हती.

घरी नवरा म्हणाला, "सहा महिन्यांवर निवृत्ती आलीय. झाकली मूठ राहू दे."

तरी मंगळवारी सर यायच्या आधीच त्या त्यांच्या दाराशी उभ्या होत्या.

कॉलमचं सगळं ऐकून सरांनी फोटो टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाले, "काल का नाही सांगितलंत?"

"घाबरले."

शेजारच्या प्रयोगशाळेतून कोरा कॉलम मागून आणला. दोन दिवस बाई आणि मुलगी शेजारी शेजारी राबल्या, कामापुरतं बोलत. बुधवारी संध्याकाळी जेल दिव्याखाली ठेवला. मूळ एन्झाइमच्या रांगेत दोन पट्ट्या. बदललेल्याच्या रांगेत एकच, अख्खी.

"नाही कापलं," मुलगी पुटपुटली.

परिषदेत तिने तेच दाखवलं. बातमी छोटी, पण खरी. एन्झाइम शुद्ध करायचं काम सरांनी बाईंकडून काढून घेतलं. आवाज न चढवता, आणि तेच जास्त लागलं. आता त्या द्रावणं बनवून बाटल्या भरत.

परतल्यावर मुलगी त्यांच्या टेबलाशी आली.

"माझ्यासाठीच केलंत ना ते?"

"हो गं."

"मग मला विचारायचं तरी."

बाईंनी बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या.