कुलपाजवळची खाच

बाबांचं सागवानी कपाट पांढरं रंगवून, नव्या मुठी लावून मुलीच्या खोलीत ठेवायचं ठरलं. सुतार काचपेपर मारता मारता थांबला आणि कुलपाजवळच्या खाचेवर अंगठा फिरवत म्हणाला, "इथं कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलंय, साहेब. चोरी झाली होती का?"

"जुनी गोष्ट आहे," मी म्हणालो.

लाकडाला नवा रंग द्यायचा तर आधी जुना खरवडावा लागतो, आणि खरवडल्यावर काय वर येईल याची तयारी कुणी केलेली नसते. त्या वेळी बाबा दवाखान्यात होते, डॉक्टरांनी हात टेकले होते. मला घराचे कागद हवे होते. किल्ली बाबांच्या करगोट्याला बांधलेली. बेशुद्ध माणसाच्या कमरेची किल्ली सोडवायला माझा हात धजावला नाही. घरी येऊन कुलूप उचकटायला मात्र धजावला.

आणि बाबा बरे होऊन घरी आले. कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले. मग कॅलेंडरचं पान फाडून त्याची घडी केली आणि दारात अडकवून दार बंद केलं.

"नवं कुलूप बसवून घेऊ," मी म्हणालो.

"कशाला? सगळे घरचेच तर आहेत."

पुढे वर्षभर कपाट त्या घडीवरच बंद राहिलं.

सुतारानं लांबी भरून खाच बुजवली, वर रंग चढवला, नवं कुलूप बसवलं. "आता कुणाला कळणारसुद्धा नाही," म्हणत त्यानं दोन चकचकीत किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या.

बाबांची किल्ली शेवटपर्यंत त्यांच्या करगोट्यालाच होती. त्यांना शेवटची आंघोळ घालताना ती मीच सोडवली.