मामांचं मत

माझ्या बायकोच्या मामांएवढा नियमांवर जीव लावणारा माणूस अख्ख्या म्हैसूर राज्यात दुसरा झाला नसेल. नियम पाळणारे पुष्कळ असतात, मोडणारे त्याहून पुष्कळ. मामांना नियम आवडायचे, एखाद्याला हापूस आवडावा तसे. राज्यांची फेररचना झाली आणि धारवाडकडची जी नोकरदार मंडळी बेंगळुरात येऊन पडली, त्यांत मामा होते. विधिमंडळाच्या कचेरीत ते नियम समितीचं काम बघत. सभासदांनी सभागृहात कसं वागावं, किती जण एकत्र आले म्हणजे त्यांना पक्ष म्हणायचं आणि किती असले तर नुसता गट, हे ठरवणारी ही समिती. समिती ठरवायची, मामा मसुदा लिहायचे, समिती तो खोडायची, मामा पुन्हा लिहायचे. दुसरा कोणी वैतागला असता. मामा मात्र संध्याकाळी चामराजपेटच्या घरी यायचे ते पंगतीत मनसोक्त जेवून उठल्यासारखे तृप्त होऊन.

मी पुण्याहून सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी आलो आणि त्यांच्याच वठारात, म्हणजे तिकडच्या चाळीत, दोन दारं सोडून बिऱ्हाड केलं. पहिल्याच रविवारी त्यांच्याकडे गेलो नि मामींना काहीतरी विचारलं, तर मामा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, अध्यक्षांना उद्देशून बोला." मला वाटलं, थट्टा करताहेत. कसली थट्टा! रविवारी सकाळी आंघोळी आटोपल्या की त्या घरात सभा भरत असे. मामा हातांच्या खुर्चीत, बाकी सगळे जमखान्यावर. एकानं बोलताना दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. बोलणारा आणि खुर्ची यांच्या मधून कोणी जायचं नाही, कारण समितीनं तसंच ठरवलं होतं. त्यामुळे त्यांच्या मुलानं ट्रिपची परवानगी मागायला सुरुवात केली की मामी उप्पिटाचं पातेलं घेऊन मागच्या दारानं बाहेर पडायच्या आणि सबंध वठाराला वळसा घालून पुढच्या दारानं आत यायच्या. उप्पीट गार. मुलाचं भाषण चालूच.

समितीच्या कथा सांगताना मामांना वेळेचं भान राहत नसे. सभागृहात पान खाणं हे गैरवर्तन की नुसतं वर्तन, यावर म्हणे एकदा अख्खी दुपार गेली. पान खाऊ नये यावर एकमत होतं, पण आधीच तोंडात असलेल्या पानाचं काय करायचं, यावर घोडं अडलं. तीच शिस्त त्यांनी आमच्या मराठी मंडळात आणली. गणेशोत्सवात नाटक हवं म्हणणारे बेळगावकडचे पुष्कळ, तेव्हा तो पक्ष. गाणं हवं म्हणणारे आम्ही पुण्याचे चौघंच, तेव्हा आम्ही गट. पक्षाच्या पुढाऱ्याला पहिल्या रांगेत खुर्ची, गटाला एकत्र बसायची मुभा, बस्स. मी तणतणलो. मामांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि धारवाडी कानडी मिसळून "सरी, बरं, आणखी स्वल्प माणसं आणा, मग बघू" म्हणाले. पुण्याची आणखी माणसं मी आणायची कुठून?

या सगळ्यात मामांचं स्वतःचं मत काय, ते कधी कोणाला कळलं नाही. अध्यक्षाला मत नसतं, असं त्यांचं म्हणणं. भाजी काय करू विचारलं तरी "सभागृह ठरवील". मामी एकदा माझ्या बायकोजवळ म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून या माणसाला वांगं आवडतं की नाही ते मला ठाऊक नाही गं." हसत म्हणाल्या खऱ्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

आणि मग घरातल्या सभेपुढं शालनचा प्रश्न आला. शालन म्हणजे मामांची धाकटी, कॉलेजात शिकवायला लागलेली, घरातलं सगळ्यांत गोड माणूस. तिला बरोबरच्याच एका प्राध्यापकाशी लग्न करायचं होतं. मुलगा शिवमोग्ग्याकडचा, घरात कन्नड बोलणारा, जातही वेगळी. त्याला आता गावाकडच्या कॉलेजात जागा मिळत होती, तेव्हा काय तो निर्णय लगेच हवा होता. पोरीनं बिचारीनं आईबापांना चोरून काही केलं नाही, रीतसर प्रस्ताव मांडला. घरचे नाही म्हणाले तर आपण जाणार नाही, एवढंही तिनं सांगून टाकलं.

मामी विरुद्ध. मामांच्या थोरल्या विधवा बहीण, ज्यांना सगळे अक्का म्हणत, त्या तर कडकडून विरुद्ध. मामांचा मुलगा शालनच्या बाजूनं. माझी बायको मामांच्या घरीच वाढलेली, म्हणून तिलाही मत होतं. तीही शालनच्या बाजूनं. शालनचा स्वतःचा हितसंबंध असल्यानं तिनं बोलायचं, पण मत द्यायचं नाही, असा मामांचा निर्णय. मी जावई, मला मत नाही. झालं! दोन विरुद्ध दोन. आता निर्णायक मत अध्यक्षांचं. आणि असं मत द्यायची वेळ आलीच, तर अध्यक्षानं आहे ते आहे तसं राहू द्यावं, हा संकेत मामांनी आम्हा सगळ्यांना पढवून पढवून पाठ करून दिलेला.

अक्कांनीच आठवण करून दिली. "अध्यक्षाचं मत जैसे थे, असं तूच सांगतोस की."

शालननं मान खाली घातली. मला राहवेना, असल्या नियमांना काडी लावा, असं तोंडावर आलं होतं. तेवढ्यात मामा उठले. त्या खुर्चीतून सभा चालू असताना उठलेले मामा मी तरी पहिल्यांदाच पाहिले. म्हणाले, "जावईबापू, तुम्ही इथं बसा. अध्यक्षाला बोलायचं असलं तर खुर्ची सोडावी लागते." मी जाऊन बसलो. मामा जमखान्यावर शालनशेजारी जाऊन मांडी घालून बसले आणि बोलायला त्यांनी चक्क माझी परवानगी मागितली. मी नुसती मान हलवली.

"मुलाला मी दोनदा भेटून आलो," मामा म्हणाले. "शांत आहे. हिच्याबद्दल बोलताना जपून बोलतो. माझं मत शालनला."

मामी त्यांच्याकडे वळल्या. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "मत होतं तर आधी सांगायचं की हो. मी एकटीनं काय म्हणून ठरवायचं?" आणि त्यांनी विरोध मागं घेतला. अक्कांनी घेतला नाही. पण रुखवताचे लाडू मात्र दुसऱ्या कोणाला करू दिले नाहीत.

लग्न साधंच झालं. शालन शिवमोग्ग्याला निघाली तेव्हा मामा स्टेशनवर सगळ्यांशी नीट बोलले, नव्या जावयाला फळांची करंडी दिली, गाडी हलल्यावर हातही हलवला. बायका टांग्यानं पुढं गेल्या. आम्ही दोघं चालत निघालो. बाजारापाशी गर्दीत मामा एकाएकी थांबले.

"जावईबापू, त्या दिवशी मी खुर्चीतच बसून राहिलो असतो, तर पोर घरातच राहिली असती."

मी म्हटलं, "होय ना. नियमच तसा होता."

"नियमाचं सोडा. पोरीनं जाऊ नये, असं मलाच हवं होतं," मामा म्हणाले. "म्हणून तर उठलो."

मग त्यांनी उपरण्यानं चेहरा पुसला आणि माझा दंड धरला. घर येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.