डोळे मिटायचा तास

पुरुषांच्या वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरला सगळे पाठीमागे ‘मिरची’ म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. बावीस वर्षं नोकरी झालेली. अडतीस खाटा, दुपारी दोन नर्स. तिच्या हाताखालची एक मुलगी औषधांच्या ट्रॉलीशेजारी चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे वरच्या साहेबांना कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याची आठवण झाली. माणसं वाढवायची सोडून त्यांनी ध्यानाचा वर्ग काढला. दर बुधवारी दुपारी एक ते दोन, हजेरी सक्तीची.

म्हणजे जेवायच्या वेळेत.

पहिल्या बुधवारी धाकट्या नर्सला वॉर्डात एकटीला ठेवून ती सभागृहात सतरंजीवर बसली. शिकवणारे गृहस्थ भले होते, आवाजही मऊ. श्वास येताजाताना पाहा, म्हणाले. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. आठ नंबरचे आजोबा लघवीला एकटेच उठले आणि पडले. दोनदा हाक मारली होती त्यांनी. धाकटी दुसऱ्या टोकाला सलाईन बदलत होती.

खुब्याचं हाड मोडलं. परवा घरी जायचे होते ते.

स्ट्रेचरमागे धावणाऱ्या त्यांच्या लेकीने विचारलं, “तुम्ही कुठे होतात?”

सिस्टरने स्ट्रेचरची कड धरली आणि ढकलू लागली.

पुढच्या बुधवारी शिक्षकांनी सांगितलं, राग आला की त्याच्याकडे नुसतं पाहत राहा, आपोआप ओसरतो. ती उठून उभी राहिली.

“सर, श्वासाशी माझं भांडण नाही. पण हा राग मला ओसरू द्यायचा नाही. तो गेला तर त्या आजोबांबद्दल बोलणार कोण?”

शिक्षकांनी वर्ग थांबवला आणि सगळं ऐकून घेतलं. अभिप्रायाच्या फॉर्मवर ‘मन शांत झाले का?’ या प्रश्नाखाली तिने लिहिलं: अडतीस रुग्ण, एक नर्स, एक मोडलेलं हाड. सतरा जणींनी तेच उतरवून सह्या ठोकल्या. शिक्षकांनीही अहवालात लिहिलं, या लोकांना आधी हाताशी माणसं द्या.

मेट्रनने लेखी खुलासा मागितला. तिने दिला, माफी मागितली नाही. दोन महिन्यांनी दुपारपाळीला तिसरी नर्स आली, वर्गाची सक्ती गेली. आजोबा मात्र अजून वॉकर धरून चार पावलांत दमत होते.

आणि साहेबांनी जिन्याजवळ फलक लावला: ध्यानामुळे कर्मचाऱ्यांचा ताण निम्म्यावर. वाचून तिचं डोकं सणकलं. तिने तो उतरवला, मेट्रनच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि पाळीवर गेली.