उसनं हेल्मेट

भिलाईत दुचाकीवर हेल्मेट नसलं की गार्ड स्टील प्लांटच्या गेटवरून परत पाठवतो. त्यामुळे आमच्या क्वार्टरांच्या रांगेत एकेक हेल्मेट सहा-सहा डोक्यांवर फिरायचं. शेजाऱ्याचं हेल्मेट तर मोठ्या साहेबांपेक्षा जास्त वेळा प्लांटात जाऊन आलं असेल.

एकदा मी ते मागून नेलं आणि द्यायचं विसरलो. दोन दिवसांनी पेपरात बातमी आली, की बिनाहेल्मेटवाल्यांना गेटवरून परत पाठवलं. चहाच्या टपरीवर मी ती मोठ्यानं वाचली. म्हणालो, "गार्डाचं बरोबर हाय. असल्या बेजबाबदार माणसाले रायपूरपर्यंत पायी चालवलं पाहिजे."

शेजारी चहा फुंकत बसला होता. "त्यात मी होतो, भाऊ," तो म्हणाला. "पोळ्यासाठी ठेवलेली एक रजा गेली माही. अन् हेल्मेट पाहा, तुमच्या गाडीले लटकून राहिलं."

सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. मी तसाच त्याच्यासोबत ऑफिसात गेलो आणि चूक माझी आहे असं लिहून दिलं. बाबूनं रजा परत दिली नाही. म्हणाला, डोकं ज्याचं, रजा त्याची.

म्हणून पोळ्याच्या दिवशी शेजारी आपल्या घरी जेवला आणि त्याची ड्यूटी मी केली. स्वतःचं नवं हेल्मेट घालून गेलो होतो.