बागेतला रशियन कोपरा

बागेत रोज पाला साचतो, तो जाळता तरी येतो. किस्से साचले की सांगावेच लागतात.

पोलादाचा प्लांट उभा होत होता तेव्हाची गोष्ट. रशियन इंजिनीयर बायकापोरांसकट भिलाईत राहायला आले होते. पोरांना घरची आठवण येऊ नये म्हणून बागेत ‘रशियन कोपरा’ करायचं ठरलं. करणारे आम्ही तिघं भंडाऱ्याकडचे: मी पेंटर, कौतिकराव सुतार आणि मेश्राम मिस्त्री. रशिया कोणीच पाह्यला नव्हता. आमच्यावरच्या ओव्हरसियर साहेबांनी क्यालेंडरवर पाह्यला होता.

*

रशियात म्हणे पोरं बर्फाच्या उतारावरून घसरतात. कौतिकरावांनी लाकडी घसरगुंडी केली. साहेबांनी वरून पत्रा ठोकायला लावला. “बर्फासारखी चमकली पाहिजे.”

उद्घाटन मे महिन्यात, भर दुपारी. पहिले साहेबच घसरले. खाली आल्यावर कोणीतरी खुर्ची पुढे केली.

“नको,” साहेब म्हणाले, “उभाच बरा आहे.”

*

मग निळ्या खिडक्यांचं लाकडी घर झालं. कौतिकरावांची बायको डबा घेऊन आली आणि सावली पाहून आत बसली. तेवढ्यात साहेब एका रशियन बाईला घर दाखवायला घेऊन आले.

“बाई, हे पाहायचं घर आहे, बसायचं नाही.”

रशियन बाई सरळ आत गेली, तिच्याशेजारी मांडी घालून बसली आणि सोबतच्या दुभाष्याला काहीतरी बोलली.

“काय म्हणतात? आवडलं ना?” साहेबांनी विचारलं.

“म्हणतात, साहेबांना बाहेर थांबायला सांगा.”

*

शेवटी अस्वल. साहेबांना ते सिमेंटचं, हसरं पाहिजे होतं. मेश्रामनं केलेलं अस्वल पाहून पोरं दुरूनच परतली.

“दोन दिवसांत हसलं पाहिजे,” साहेब म्हणाले, “नाहीतर तुझी सुट्टी.”

मेश्राम कंत्राटी माणूस. खुर्सीपारच्या मजूर वस्तीत झोपडं, घरात खाणारी चार तोंडं. आम्ही समजावलं, “अरे, ओठ जरासे वर कर. तुले काय लागते?” त्यानं दुपट्टा आणखी घट्ट केला. तसाही तो कायम तोंडाला दुपट्टा गुंडाळून असायचा, जेवायलाही पाठ करून बसायचा. सिमेंटच्या धुळीपायी असेल, असं आम्ही समजायचो.

तिसऱ्या दिवशी साहेब रशियन इंजिनीयरला घेऊन आले. अस्वल होतं तसंच होतं.

“का नाही बदललं?”

मेश्रामनं दुपट्टा सोडला. डावा गाल जवळजवळ नव्हताच.

“पोरगा होतो, मोहफुलं वेचून राहिलो होतो,” तो म्हणाला. “साहेब, मी जवळून पाह्यलं हाय. हासत नव्हतं.”

दुभाष्यानं सांगितलं तशी रशियननं टोपी काढून हातात घेतली.

साहेबांनी अस्वलाच्या तोंडावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पेंटर, आहे त्यालाच रंग लावून घे.”